आतड्याच्या चुण्या

आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना अडखळायला नको. दुकानातून आणलेल्या खायच्या अंड्यांना ऊब दिली की आत पिल्लू धरतं, अशी माझी चाळिशीला टेकेपर्यंत पक्की समजूत होती. नुसती समजूत असती तर कुणाला कळलंही नसतं. पण मी ती अमलात आणली. सुरतेच्या ऐन उन्हाळ्यात, जिथे लसूणसुद्धा खिडकी लावून सोलावा लागे अशा सोसायटीत, भाड्याच्या घराच्या माळ्यावर मी डझनभर अंडी उबवायला ठेवली. आणि ही बाई कोण, तर कॉलेजात गणित शिकवणारी, आतड्याचा आकार कसा बदलत जातो याचा कॉम्प्युटरवर हिशेब मांडणारी विदुषी.

नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, मोबाइलवर बघायचं ना आधी!" तिला काय सांगू? त्या बाईला मोबाइल दिला असता तरी तिने तो बघितला नसता. तिला स्वतःबद्दल फार खात्री होती.

आतड्याचं खूळ डोक्यात कुठून शिरलं ते सांगते. माझे मार्गदर्शक सर मूळचे टाक्या आणि नळ्यांचे. बाहेरून दाब आला की नळी कुठे चेपते, कुठे वळ्या पडतात, असलं गणित. त्यांनी कुठेतरी वाचलं, की गर्भातल्या पिल्लाचं आतडं सुरुवातीला आतून अगदी गुळगुळीत असतं, प्लास्टिकच्या नळीसारखं, आणि मग हळूहळू त्याला आतून चुण्या पडतात. त्यांना वाटलं, हे आपलंच गणित आहे, फक्त लोखंडाच्या जागी मांस. त्यांच्याकडे येणाऱ्या पुरुष विद्यार्थ्यांनी लोखंड घेतलं. मांस माझ्या वाट्याला आलं. मी म्हटलं, चालेल. मला त्या वेळी काहीही चालत होतं.

विषय तसा परकराच्या नेफ्याइतका सोपा आहे. परकराची नाडी ओढली की कापडाला उभ्या चुण्या पडतात, कारण कापड जास्त आणि घेर कमी. आतड्याचंही तसंच. आतलं मऊ अस्तर वाढत राहतं, आणि बाहेरून स्नायूंचं गोल कडं त्याला पसरू देत नाही. मग ते आतल्या आत दुमडतं आणि उभ्या चुण्या पडतात. आता तोच परकर वरून खालीही दाबून धरा. चुण्यांना सरळ राहता येत नाही, त्या नागमोडी होतात. आतड्यालाही कड्याबाहेर उभ्या स्नायूंचा आणखी एक थर असतो, तो हे काम करतो. आधी सरळ चुण्या, मग नागमोडी, आणि मग त्या वळणांवरून बारीक बोटांसारखे उंचवटे, जे आपण खाल्लेलं शोषून घेतात. ज्या पुस्तकावरून आम्ही काम करत होतो त्यात हाच क्रम होता, कोंबडीच्या पिल्लाच्या आतड्याच्या चित्रांसकट.

मी कॉम्प्युटरवर नळी मांडली. नळी म्हणजे ठिपक्यांची जाळी, प्रत्येक ठिपका शेजारच्या ठिपक्यांना स्प्रिंगने बांधलेला. आतले ठिपके थोडे थोडे वाढवायचे, बाहेरच्यांनी आवळायचं, आणि प्रत्येक वेळी सगळी जाळी कुठे सरकून स्थिरावते ते काढायचं. सांगायला दोन वाक्यं लागली. करायला वर्षं गेली. कॉलेजात त्या मानाने बरा असा एकच कॉम्प्युटर होता आणि तो मला सगळ्यांची कामं उरकल्यावर मिळे. एक गणित टाकलं की दुपार जाई. मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. प्रिंटर करकरत कागद काढी, त्यावर फुल्याफुल्यांनी आतड्याचा नकाशा उमटे. तो गुंडाळून पिशवीत टाकायचा, पिशवीत आधीच पालेभाजी असायची, आणि रिक्षात चार बायकांच्या मध्ये अंग चोरून घरी यायचं. घरी सासूबाई, मुलगी, आणि कडोदऱ्याच्या प्रिंटिंग मिलमधून कधी सकाळी तर कधी संध्याकाळी घरी येणारे आमचे हे. जो जागा असेल त्याला जेवायला वाढायचं. त्या वर्षांतलं मला सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर पोटऱ्या दुखणं. आतड्यापेक्षा पोटऱ्यांवर प्रबंध लिहिला असता तर अनुभवातून लिहिला असता.

आम्ही खानदेशी. आधी लिंबायतला दिरांच्या घरी होतो. एक खोली, खाली यंत्रमाग, आणि मागाच्या खडखडाटात घरचे सगळे ओरडूनच बोलायचे. तिथे माझ्याकडून एक ओळ लिहून होईना. म्हणून हे वरच्या मजल्याचं दोन खोल्यांचं घर घेतलं. घरमालकीण खालीच राहत. सगळे त्यांना बा म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. घर देताना त्यांनी पाण्याची वेळ सांगितली, ओटला धुवायची पाळी सांगितली, आणि शेवटी म्हणाल्या, "मटन नहीं, मच्छी नहीं, इंडुं पण नहीं." अंडंसुद्धा नाही. आम्ही मान डोलावली. मटण खायला रविवारी दिरांकडे जायचं, तोंड धुऊन परत यायचं.

सर दिवाळीनंतर निवृत्त होणार होते. त्यांच्यामागे हा विषय हातात घेणारं कुणी नव्हतं; लोखंडवाले सगळे केव्हाच सुटून गेले होते. माझी मुदतवाढ घेऊन झाली होती. म्हणजे दिवाळीच्या आत प्रबंध द्यायचा, नाहीतर इतक्या वर्षांचं काम रद्दीत. आणि तो लिहायचा तर हे शांत घर हवं. एवढी दोन वाक्यं त्या बाईने उशाशी लिहून ठेवली असती तरी पुढचं टळलं असतं.

घोडं अडलं ते इथे: माझ्या प्रोग्राममध्ये सरळ चुण्या पडेचनात. पहिल्या झटक्याला थेट नागमोडी. पुस्तक म्हणे, आधी सरळ, मग नागमोडी. मी आकडे बदलले, जाळी बारीक केली, स्प्रिंगा ढिल्या केल्या. नागमोडीच. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉम्प्युटर जरा जास्त मिळत होता, तर जास्त नागमोडी निघू लागल्या, एवढाच फरक.

कुठल्याही शहाण्या माणसाने म्हटलं असतं, प्रोग्राम चुकला. मी म्हटलं, पुस्तक चुकलं.

सरांना तसं सांगितलं. ते पंख्याखाली डोळे मिटून बसले होते. डोळे न उघडता म्हणाले, "बाई, तुम्ही कधी आतडं पाहिलंय?"

"चित्रात पाहिलंय."

"मग चित्र चुकलं असं कशावरून म्हणता?"

झालं. हा टोमणा होता. मी त्याला आज्ञा समजले. आपणच पिल्लाचं आतडं पाहायचं, सरळ चुण्या नाहीतच हे सिद्ध करायचं आणि पुस्तकवाल्याला धडा शिकवायचा, असं रिक्षात बसल्या बसल्या ठरवून टाकलं. लिंबायतच्या अंड्याच्या गाडीवरून पांढरीशुभ्र डझनभर अंडी घेतली. गाडीवाल्याने विचारलं, "ऑम्लेट के लिए, बहन?" मी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्याने सरस्वतीचा अपमान केला.

अंडी जेवणाच्या डब्यातून घरात आली. टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलची पेटी केली, आत बल्ब लावला, वाटीत पाणी ठेवलं. अंडी रोज फिरवायची असतात हे वाचलं होतं, म्हणून प्रत्येकावर एका बाजूला पेन्सिलीने फुली मारली. पेटीतली उष्णता मोजायला मुलीचा तापाचा थर्मामीटर ठेवला. आता तापाच्या थर्मामीटरचा पारा एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही, हे घराघरातल्या आयांना माहीत असतं. मलाही होतं. पण आई म्हणून माहीत होतं, शास्त्रज्ञ म्हणून नाही. वीज जायची, पेटी गार पडायची, वीज यायची, पेटी भट्टी व्हायची, आणि मी वर चढून पाहायचे तर पारा जागच्या जागी. मी खूश. म्हटलं, किती स्थिर उष्णता!

सासूबाई खाली पाटावर बसून हे चढणं-उतरणं बघत.

"काय शे वं वर?" त्यांनी एकदा विचारलं. त्या घरात अहिराणीच बोलत.

"प्रयोग आहे, आत्याबाई. आतड्याच्या घड्यांचा."

"देवनी पोटमा घड्या घाल्यात, त्यानं काम व्हयी गयं. तू कायले उसवस?"

मी हसलेसुद्धा नाही. हसायला वेळ लागतो.

त्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. सासरे गेल्यावर त्या गाव सोडून आमच्याकडे आल्या आणि सुरतेत त्यांचं काहीच नव्हतं. होतं ते एवढंच, की दुपारी खाली बांच्या ओटल्यावर बायका जमत, भजनं म्हणत, आणि बांनी त्यांना पहिल्या आठवड्यातच हाक मारली होती, "माजी, आवो ने!" सासूबाईंना गुजराती येत नव्हतं. पण टाळ वाजवायला भाषा लागत नाही. त्या दुपारची वाट पाहत, लुगडं बदलत, आणि टाळ पदरात बांधून जिना उतरत.

पहिलं अंडं फोडून पाहायचा दिवस मी पुस्तकावरून काढला होता. घरी कुणी नाही असं पाहून न्हाणीत फोडलं. आत पिवळा बलक, जरा पातळ झालेला, आणि वास. पिल्लू नाही, आतडं तर नाहीच. मी काय निष्कर्ष काढला असेल? अजून वेळ द्यायला हवा. बल्ब जास्त वॉटचा लावला.

यानंतर दोनच दिवसांत सोसायटीत घाण सुटली.

कुठल्या गावात दुर्गंधी सुटली ते लक्षात घ्या. आदल्याच वर्षी सुरतेत प्लेग येऊन गेला होता. निम्मं शहर रातोरात पळालं होतं, आम्हीही महिनाभर गावी जाऊन राहिलो होतो. परत आल्यापासून शहर रोज झाडलं जाई, पावडर पडे, आणि कुठे मेलेल्या उंदराचा वास आला की माणसं बोलायची थांबत. तर अशा शहरात, जिन्यात, मे महिन्यात, कुजका वास.

"बेन, शेनी वास छे आ?" बा जिन्यात उभ्या, पदर नाकाला.

समोरच्या घरातली हिरेकामगाराची बायको म्हणाली, "उंदर मर्यो लागे छे." म्हणाली आणि स्वतःच दोन पायऱ्या मागे सरकली.

खरं सांगते, मला कळलं नाही. अंडी माझी, माळा माझा, नाक माझं. पण त्या बाईच्या, म्हणजे माझ्याच, डोक्यात हे आलंच नाही, की वास आपल्या घरातून येत असेल. उलट तिला स्फुरण चढलं. ती म्हणाली, घाबरू नका, याचं गणित असतं. वास जिथून निघतो तिथे सगळ्यात दाट असतो आणि लांब जावं तसा विरतो. आपण ठिकठिकाणी हुंगून त्याला दहापैकी गुण देऊ, म्हणजे उगम सापडेल. आणि तिने खडू घेतला. जिन्याच्या पायऱ्यांवर, कठड्यावर, शेजाऱ्यांच्या दारांवर आकडे लिहीत ती सगळ्या सोसायटीतून हुंगत फिरली. मागे बायका, पोरं, सुट्टीवर असलेले दोन पुरुष. सगळ्यांच्या घरात जाऊन हुंगलं. फक्त आमच्या घरात नाही. आमच्या घरात काय असणार?

आकडे मोठे होत होत समोरच्या घराशी आले. तो माळा आणि आमचा माळा जिन्याच्या डोक्यावर एकाच भिंतीला लागून. मी खडू खाली ठेवून निकाल दिला, "यांच्या माळ्यावर आहे."

"अमारे त्यां?" ती बिचारी रडकुंडीला आली. "बेन, अमे तो रोज पोतुं मारीए छीए!"

"ते फरशीला. पोतुं माळ्यावर मारता का?" मी विचारलं. काय तो आवाज! आठवला की अजून कान गरम होतात.

त्या उन्हात त्यांनी माळा उतरवला. पितळेची भांडी, गव्हाची कोठी, गाद्या, पाळणा, लग्नातल्या पेट्या. सगळं जिन्यात आलं. उंदीर नाही. वास तसाच. ती बाई घामाने निथळत, विखुरलेल्या संसाराच्या मधोमध बसली होती आणि तिची सासू माझ्याकडे बघत होती. एवढ्यात कुणीतरी बोलावलेला पालिकेचा माणूस पावडरीची पिशवी घेऊन आला. त्याने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा माझे आकडे पाहिले, आणि आमच्या दाराकडे बोट केलं. बा मला म्हणाल्या, "बेन, तमारा माळियामां जोयुं?"

तेव्हा कळलं. अगदी तेव्हाच, त्या वाक्याच्या शेवटी. मी "थांबा, मी बघते" म्हणेपर्यंत तो माणूस शिडीवर होता.

वरून त्याचा आवाज आला, "अंदर लाइट चालू छे!"

तो पेटी घेऊन उतरू लागला. थर्माकोलची बंद पेटी, फटीतून उजेड, मागे लोंबणारी वायर. दारात गर्दी. ती वर्षंच अशी होती, की वायर लोंबणारी पेटी दिसली की माणसाला एकच गोष्ट सुचायची. जिन्यातून कुणीतरी किंचाळलं, "बॉम्ब!" आणि मघाशी माझ्यामागे हुंगत फिरलेली माणसं भांडीकुंडी तुडवत खाली पळाली. पालिकेचा माणूस शिडीवर अर्ध्यात थिजला. त्याला पेटी टाकताही येईना, धरताही येईना.

"बॉम्ब नाही," मी म्हटलं.

"तो शुं छे?" बांनी विचारलं. त्या एकट्याच पळाल्या नव्हत्या.

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते? इंडां आहेत, बा, तुमच्या घरात इतके दिवस इंडां ठेवलीत मी? घर गेलं असतं. पुन्हा लिंबायत, पुन्हा ती खोली, पुन्हा मागाचा खडखडाट, आणि प्रबंध रद्दीत.

सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. हाताला पीठ होतं. त्यांनी त्या माणसाच्या हातातून पेटी घेतली, झाकण काढलं, नाक वाकडं केलं, आणि म्हणाल्या, "बा, हाऊ डबा मना शे."

पालिकेचा माणूस शिडीवरून पटकन उतरला.

"मना हाडे दुखतस. डाक्तरनी सांगं, अंडा खाय. मी मंगाडी लिनात. सूनले माहीत नही."

बांनी पेटीत वाकून पाहिलं. एक अंडं फुटून सगळीकडे उडालं होतं, दोन तडकलेली होती, आणि उरलेली शहाण्यासारखी फुल्या वर करून बसली होती. मास्तरांनी उत्तरपत्रिकेवर मारलेल्या असाव्यात तशा फुल्या.

"माजी, आ चोकडी शेनी?" बांनी फुलीवर बोट ठेवून विचारलं.

मी मनात म्हटलं, संपलं.

सासूबाईंना पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नाही. "गिनाकरता," त्या म्हणाल्या. "मांजर चोरीसन खास."

बा माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना कळलं असेल, नाही असं नाही. म्हातारी माणसं शिडी चढून माळ्यावर बल्ब लावत नाहीत. पण समोर त्यांच्याहून वयाने मोठी बाई पिठाच्या हाताने पेटी धरून उभी होती. त्यांनी पेटी खाली घेऊन जायला लावली, आमचं घर फिनाइलने पुसून घेतलं, आणि जाताना म्हणाल्या, "माजी, उमरनी वात छे एटले. फरी नहीं." म्हणजे तुमच्या वयाकडे बघून सोडते, पुन्हा नको.

घर राहिलं. समोरच्यांचा संसार मी हातभार लावून माळ्यावर चढवला. ती बाई माझ्याशी पाऊस लागेपर्यंत बोलली नाही. कॉलेज उघडल्यावर प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिकेला मी आडून आडून विचारलं, की अंड्यातून पिल्लू न होण्याची कारणं काय असतात. तिने अंडी कुठून आणली ते विचारलं. मी सांगितलं. ती चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "मॅडम, सगळं केलंत, पण कोंबडा कुठाय?" विक्रीच्या अंड्यांमागे कोंबडा नसतोच, हे मला असं कळलं. चुण्या, स्नायू, स्प्रिंगा, सगळं माहीत होतं. कोंबडा राहून गेला.

आता पुस्तकाशी भांडायची ताकद उरली नव्हती. पावसाळ्यात एका शनिवारी कॉम्प्युटरपुढे बसले, रात्रभर मुलगी तापलेली, डोळे चुरचुरत होते. नेहमीसारखे सगळे आकडे भरायचा कंटाळा आला. पोरांना मी नेहमी सांगायचे, की प्रोग्राम चुकत असेल तर निम्मा बंद करून बघा. स्वतः कधी केलं नव्हतं. आमचा प्रोग्राम कसा चुकेल? त्या दिवशी निव्वळ कंटाळ्याने बाहेरचा उभ्या स्नायूंचा थर बंद केला. त्यामुळे गणित लवकर संपेल आणि घरी जाता येईल, एवढाच हिशेब.

प्रिंटर करकरला. सरळ चुण्या. शेतातल्या सऱ्यांसारख्या, एकीशेजारी एक.

मग तो थर अस्तर निम्मं वाढल्यावर चालू केला. चुण्या हळूहळू वाकल्या आणि नागमोडी झाल्या. पुस्तकात होत्या तशा.

चूक एवढीच, की मी दोन्ही थर पहिल्या क्षणापासून एकदम आवळत होते. खऱ्या पिल्लात गोल कडं आधी तयार होतं, उभे स्नायू मागाहून येतात. सरांना दाखवायला गेले तर त्यांनी पुस्तक मागितलं, चित्राचं पान काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं. चित्राखाली बारीक अक्षरात हेच छापलेलं होतं, कुठला थर कधी येतो ते.

"बाई," सर म्हणाले, "चित्राखालची ओळ वाचली होती का?"

"नाही."

"बरं झालं. वाचली असती तर तुम्ही तीही चूक म्हणाला असतात."

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी कॅन्टीनमध्ये गार झालेला खमण खाल्ला आणि घरी आले. सासूबाई दारात बसून मेथी निवडत होत्या.

"काय व्हयनं?"

"जमलं, आत्याबाई."

"मंग इतलं मांदं तोंड कायले?"

खालून भजनाचा आवाज येत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की दुपारची वेळ आहे आणि या वर आहेत. नीट आठवून पाहिलं तर उन्हाळ्यापासून त्या वरच होत्या. बांनी कधी येऊ नका म्हटलं नव्हतं, पण "माजी, आवो ने" ही हाकही आली नव्हती. गल्लीतली पोरं त्यांना "इंडावाळां माजी" म्हणत, तेही मी ऐकलं होतं आणि पिशवी सावरत पुढे गेले होते. टाळ कोनाड्यात होते. खाली भजन चालू झालं की त्या मेथी निवडता निवडता एका बोटाने सुपावर ठेका धरत.

मी तेव्हाच खाली जायला हवं होतं. गेले नाही. प्रबंध लिहायचा होता, टाइप करून घ्यायचा होता, सरांकडून प्रत्येक प्रकरण दोनदा तपासून घ्यायचं होतं, आणि घर जायला नको होतं. सप्टेंबर गेला, नवरात्र गेलं. मी लिहीत होते, त्या सुपावर बोट वाजवत होत्या. सरांनी शेवटच्या पानावर सही केली तेव्हा दिवाळीच्या सुट्ट्या तोंडावर आल्या होत्या. प्रती बांधून विद्यापीठात देऊन आले, पावती पर्समध्ये घातली आणि रिक्षात पहिल्यांदा पाय लांब केले.

घरी येऊन चपला काढल्या. सासूबाई दिवा लावून बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढे जमिनीवरच बसले आणि म्हटलं, "आत्याबाई, दिलं एकदाचं. आता मी खाली जाते. बांना सांगते, की अंडी माझी होती. त्यांनी घर सोडायला सांगितलं तरी हरकत नाही आता."

मी उठले. पदर सारखा केला. दारापर्यंत गेलेही.

त्यांनी वातीची काजळी बोटाने झटकली आणि म्हणाल्या, "आते कायले सांगस वं? इतला महिना मी एकलीच अंडावाली व्हतू, आते तू सांगशी त लोके आखा घरले अंडावालं म्हणतीन. जाय, भाकरी टाक, भूक लागनी."